खाण बंद, पण गाळ चालूच

‘खाणी थांबल्यापासून ओहोळांतल्या लाल पाण्याचा प्रश्न मिटला’ हे गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणींवरच्या लेखातलं वाक्य वाचून राहवलं नाही. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने गोव्यातल्या ८८ लीजांवरचं (भाडेपट्ट्याने दिलेल्या खाणींवरचं) काम थांबलं, पाऊस नाही थांबला. माझ्या मामांचं शेत डिचोली तालुक्यात, डंपच्या, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या माती-दगडांच्या ढिगाच्या, पायथ्याशी. खाण चालू होती तेव्हा निदान मे महिन्यात गाळ बसवायची तळी उपसली जायची, डंपखालच्या चिऱ्यांच्या भिंतीची डागडुजी व्हायची. बंद पडल्यावर ते करायला माणूसच उरला नाही. गाळाने भरलेल्या तळीत पाणी थांबणार कुठे? ते वरच्यावर निघून जातं. जुलैच्या एका रात्रीत मामांच्या नुकत्याच लावलेल्या भातावर वीतभर लाल चिखल बसला. तो सुकला की नांगरही धड लागत नाही.

डंपवर झाडं लावा हा लेखातला सल्ला ठीक, पण आधी उताराला पायऱ्या आणि डोंगराकडून येणारं पाणी बाजूने वळवणारा चर हवा, नाहीतर पहिल्याच मुसळधार पावसात रोपं मातीसकट खाली येतात. आणि बंद खाणीची तळी दरवर्षी पावसाआधी कोणी उपसायची, कोणाच्या पैशाने, हे लेखात यायलाच हवं होतं.