कॉम्पॅक्ट एसयूव्हीत आपण पैसे मोजतो ते उंचीसाठी

‘घरात चार-पाच माणसं आहेत, गाडी एकच घ्यायची आहे, कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेऊ का?’ ओळखीतले लोक हे सारखं विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. मी स्वतः अशीच गाडी चालवतो आणि मला ती आवडते. पण माझं मत असं आहे की या गाडीत इतर गाड्यांपेक्षा खरोखर वेगळी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे बसायची उंची. बाकी बहुतेक सगळे फायदे या उंचीतूनच येतात. आणि तोटेही.

फायद्यांपासून सुरू करतो. सेडानमध्ये बसताना माणूस खाली जातो आणि बाहेर येताना स्वतःला वर ओढून काढतो. तरुण माणसाला हे जाणवतही नाही. माझ्या आईचे गुडघे दुखतात, तिला मात्र प्रत्येक वेळी जाणवतं. कॉम्पॅक्ट एसयूव्हीची सीट उभ्या माणसाच्या कमरेच्या थोडी खाली येते, त्यामुळे नुसतं मागे टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. मोठ्या एसयूव्हीत पायरीवर पाय ठेवून वर चढावं लागतं, तेही दुखऱ्या गुडघ्यांना नकोच असतं. ही मधली उंची वयस्कर माणसांसाठी इतकी सोयीची आहे की घरात कुणाला संधिवात असेल तर माझ्या लेखी एवढं एक कारण पुरेसं आहे.

लहान मुलांच्या बाबतीतही तेच. बाळाला चाइल्ड सीटमध्ये बसवून पट्टे लावताना कंबर मोडत नाही. मात्र मागे तोंड करून बसवायची चाइल्ड सीट लांबीला बरीच जागा खाते. काही कॉम्पॅक्ट गाड्यांमध्ये ती लावली की पुढची सीट इतकी पुढे घ्यावी लागते की उंच माणसाचे गुडघे डॅशबोर्डला लागतात. आपली सीट सोबत नेऊन लावून बघितल्याशिवाय हे कळत नाही.

आता ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचा तळ यांमधलं अंतर. या गाड्यांना साधारण १८० ते २१० मिलिमीटर मिळतो. खराब रस्ता, उंच गतिरोधक, पाणी साचलेला खड्डा, सगळीकडे तो उपयोगी पडतो. पण पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन गाडी निघाली की मागची बाजू बसते, आणि कागदावरच्या आकड्यातले काही मिलिमीटर तिथेच जातात. जाहिरातीत गाडी डोंगर चढताना दिसते म्हणून तशी अपेक्षा ठेवू नये. या प्रकाराची सुरुवातच मोटारीच्या सांगाड्यावर झाली आहे. १९९४ साली टोयोटाची रॅव्ह-फोर आली आणि १९९५ साली होंडाची सीआर-व्ही. दोन्ही ट्रकसारख्या लॅडर चासीवर (शिडीच्या आकाराच्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर) न बांधता साध्या मोटारीच्या धर्तीवर बांधल्या होत्या. कुटुंबासाठी हे उत्तमच झालं, गाडी हलकी झाली आणि चालवायला सोपी. पण आज यातल्या बहुतेक गाड्यांची फक्त पुढची चाकं ओढतात. चारही चाकांना ताकद देणारं मॉडेल घेतलं तरी ती ताकद निसरड्यावर गाडी पुढे काढायला मदत करते, ब्रेक लावल्यावर थांबायला नाही. ओल्या रस्त्यावर थांबवतात ते टायर. तेव्हा पैसे वाचवायचे असतील तर तिथे वाचवू नका.

जागेबद्दल मोठा गैरसमज आहे. गाडी बाहेरून भरदार दिसते म्हणजे आतून मोठी असतेच असं नाही. उंचीमुळे डोक्यावर मोकळं वाटतं, पण मागे तीन मोठी माणसं बसवायला रुंदी लागते आणि ती चांगल्या हॅचबॅकपेक्षा फारशी जास्त नसते. डिकीचे लिटरही फसवे असतात, कारण कोणी खिडकीच्या खालपर्यंत मोजतं, कोणी छतापर्यंत. त्यापेक्षा घरातल्या दोन मोठ्या बॅगा आणि बाबागाडी घेऊन शोरूमला जावं.

तोट्यांमध्ये मला सगळ्यात जास्त खुपतो तो मागच्या सीटवरचा प्रवास. गाडी उंच असली की वळणावर कलते. ते कमी करायला कंपन्या स्प्रिंग कडक ठेवतात, मग खड्डा थेट पाठीत बसतो. स्प्रिंग मऊ ठेवल्या तर घाटात मुलांना उलट्या होतात. त्यात दिसायला रुबाबदार म्हणून १८ इंची चाकं आणि पातळ टायर. टायरची भिंत जितकी बुटकी तितका धक्का गिळायला रबर आणि हवा कमी, आणि बदलायची वेळ आली की खर्च जास्त. माझं ठाम मत आहे की शक्य असेल तर लहान चाकांचं व्हेरिएंट घ्यावं, भले ते फोटोत कमी छान दिसो.

इंधनाचं गणितही उंचीशीच जोडलेलं आहे. समोरून येणाऱ्या वाऱ्याला जास्त मोठी भिंत मिळते, आणि वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ८० वरून १२० वर गेलात की तो सव्वादोन पट होतो. शहरात एसयूव्ही आणि हॅचबॅकच्या मायलेजमधला फरक मुख्यतः वजनाचा असतो, हायवेवर त्यात वाऱ्याची भर पडते.

सुरक्षेबद्दल मात्र मला कळकळीने लिहायचंय. ‘उंच गाडी म्हणजे सुरक्षित’ हे समीकरण डोक्यातून काढून टाका. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचा अर्धा भाग भागिले गुरुत्वमध्याची (गाडीचं वजन जिथे एकवटल्यासारखं असतं त्या बिंदूची) उंची, या गुणोत्तरावर गाडी उलटण्याची शक्यता बरीचशी ठरते. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा संस्थेनुसार साध्या मोटारींमध्ये ते बहुधा १.३ ते १.५ असतं, उंच गाड्यांमध्ये १.० ते १.३. आकडा कमी म्हणजे धोका जास्त. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोलने, म्हणजे गाडी घसरायला लागली की चाकांना आपोआप ब्रेक लावून तिला सावरणाऱ्या यंत्रणेने, हा धोका खूप कमी केलाय, म्हणून ते नसलेलं व्हेरिएंट कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. सनरूफ सोडा, हे सोडू नका.

आणि गाडीबाहेरची माणसं? अमेरिकेतल्याच आयआयएचएस या, विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या रस्ते सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये मांडलेल्या अभ्यासात ४० इंचांहून उंच बोनेटच्या गाडीने धडक दिल्यास पादचाऱ्याचा मृत्यू होण्याची शक्यता, ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बोनेटपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त आढळली. कॉम्पॅक्ट गाड्यांचे बोनेट सहसा ४० इंचांच्या खालीच असतात, पण उभट, चौकोनी नाकाची फॅशन वाढतेय आणि मला ती अजिबात पटत नाही. अशा नाकासमोर उभं असलेलं लहान मूल ड्रायव्हरला दिसतच नाही. शोरूममध्ये एकाने चालकाच्या जागी बसावं, दुसऱ्याने बोनेटसमोर मुलाच्या उंचीएवढं काहीतरी धरावं. किती अंतरावरून ते दिसायला लागतं हे पाहिल्यावर पुढचा कॅमेरा घ्यायचा की नाही याचा निर्णय आपोआप होईल.

तर घ्यावी का? घरात वयस्कर किंवा अगदी लहान माणसं असतील, रोजचा रस्ता खराब असेल, तर जरूर घ्या. तरुण जोडपं, चांगले रस्ते आणि बराचसा प्रवास हायवेवर असेल, तर त्याच पैशात चांगली हॅचबॅक किंवा सेडान जास्त आराम देईल, आणि इंधनही कमी पिईल.

इलेक्ट्रिक कॉम्पॅक्ट एसयूव्हीचा विचार करणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा. बॅटरी तळाशी असल्याने गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर गाडी स्थिर राहते, हा मोठाच फायदा. पण त्याच बॅटरीमुळे आतली जमीन वर येते. सीट तेवढी वर उचललेली नसेल तर मागे बसणाऱ्याचे गुडघे वर येतात आणि मांड्या अधांतरी राहतात. टेस्ट ड्राइव्हला स्वतः चालवून झालं की अर्धा तास मागेही बसा, आणि उठल्यावर मांड्या अवघडल्या आहेत का ते बघा.