श्रीमंतांना चिकन चालत नाही

"चिकन द्या ना त्याला." हे वाक्य पुन्हा कुणी ऐकवलं तर मी श्रीमंतांना, म्हणजे आमच्या घरातल्या सापाला, महिनाभरासाठी त्या माणसाच्याच घरी राहायला पाठवणार आहे. चिकन द्या, अंडं द्या, मासळी द्या. खालच्या मजल्यावरच्या मासींनी तर पनीर सुचवलं. सासूबाईंच्या एका मैत्रिणीने नागपंचमीला वाटीभर दूध आणून ठेवलं आणि ते तसंच राहिलं म्हणून मलाच विचारलं, "तुझ्या हातून चुकलं का गं काही?" दूध पचवायची सोय सापाच्या पोटात नाही हो. गारुड्याचा साप दूध पितो तो दिवसेंदिवस तहानलेला ठेवलेला असतो म्हणून. सापांचे असे खेळ बंद करणाऱ्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली, पण ही गोष्ट अजून शिकवावी लागते.

तर श्रीमंत म्हणजे आमच्या घरातला बॉल पायथन, परदेशी जातीचा छोटा अजगर. राहणार बडोदा, तोरा राजवाड्याचा, म्हणून दिरांनी हे नाव ठेवलं. केंद्र सरकारने २०२० मध्ये परदेशी प्राणी स्वतःहून जाहीर करायची योजना आणली तेव्हा भाऊजींनी रीतसर कागद केले. मग ते निघाले कॅनडाला. बडोद्यातून कॅनडाला जाणारे लोक मागे स्कूटर ठेवतात, घर ठेवतात, आईवडील ठेवतात. आमच्यांनी हे सगळं ठेवलंच, शिवाय हीट मॅट, थर्मोस्टॅट आणि दीड किलोचा साप माझ्या गळ्यात घातला. अक्षरशः. "वहिनी, काही त्रास नाही हो त्याचा. दहा-पंधरा दिवसांनी एक उंदीर, बस."

बस! तो एक उंदीर कुठून आणायचा, हे सांगायला भाऊजी विसरले.

आधी चिकनचं प्रकरण मिटवते. साप भक्ष्य अख्खं गिळतो आणि त्याला अख्खंच लागतं. कॅल्शियम हाडांतून, जीवनसत्त्वं यकृतातून, बाकीचं आतड्यांतून आणि कातडीतून. नुसत्या मांसाच्या फोडींवर तो कुपोषित होईल. आणि तेवढ्यावर भागणारं असतं तरी श्रीमंत तोंड लावणार नाहीत. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणारे खळगे असतात. समोरचं भक्ष्य ऊबदार आहे का आणि त्याला ओळखीचा वास आहे का, हे दोन्ही जुळलं तरच तो झडप घालतो. आमचे महाराज लहानपणापासून पांढऱ्या छोट्या उंदरांवर वाढलेले. त्यांच्या वयाच्या सापाने खरं तर रॅटच्या, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराच्या, पिल्लांवर यायला हवं, म्हणजे एकात भागतं. पण रॅटचं पिल्लू समोर धरलं की हे मान वळवून भिंतीकडे बघत बसतात. साप पाळणाऱ्यांत ही जात याच नखऱ्यासाठी बदनाम आहे. हिवाळ्यात महिनोन्‌महिने जेवत नाहीत आणि तरीही धडधाकट राहतात. आपलं मात्र दर आठवड्याला काट्यावर वजन करून करून रक्त आटतं.

फ्रोझन उंदीर असला तर रात्री फ्रिजमध्ये खाली काढून ठेवायचा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात. मायक्रोवेव्ह नाही, आत फुटतो. शेवटी डोक्याकडची बाजू हेअर ड्रायरने तापवायची, कारण महाराज डोक्याकडून गिळतात. माझा हेअर ड्रायर. लग्नात मिळालेला. आता दोन आहेत घरात आणि पाहुण्या बायकांना त्यातला कुठला द्यायचा हे मी डोळ्यांत तेल घालून बघते.

आता मिळण्याबद्दल. पाळीव प्राण्यांच्या दुकानात पांढरे उंदीर असतात, चाक फिरवणारे. दुकानदार आधी विचारतो, "बेन, पाळवा माटे के खवडाववा माटे?" म्हणजे पाळायला की कुणाला खायला घालायला. खरं सांगितलं तर तोंड फिरवतो. त्याच्या शेजारच्या काचेच्या टाकीत मोठ्या माशांसाठी जिवंत छोटे मासे विकायला ठेवलेले असतात, ते चालतं. दुसरा एक आहे तो देतो, पण शिंकणारे, डोळ्यांना चिकटा आलेले. अन् भाव पाळायच्या उंदराचा. एका दुकानात मी खोटं बोलून बघितलं की मुलीला वाढदिवसाला द्यायचाय. त्याने प्रेमाने पिंजरा, चाक, दाण्याचं पाकीट असं सगळं बांधून द्यायला घेतलं.

मग कुणीतरी डोकं चालवलं, "अगं, फार्मसी कॉलेजात ढिगाने असतात." असतात. बडोदा औषधांचं गाव आहे, अलेंबिक १९०७ पासून इथे आहे, फार्मसीची मुलं गल्लोगल्ली. ओळखीतल्या एका प्राध्यापिकेला विचारलं. त्यांनी शांतपणे समजावलं की प्रयोगशाळेतले प्राणी नोंदणीकृत पैदासकाराकडून नोंदणीकृत संस्थेत येतात, प्रत्येकाचा हिशोब नैतिक समितीपुढे असतो, बाहेर एकही देता येत नाही. आणि ज्याच्यावर औषधाचा प्रयोग झालाय तो सापाला घालायचाही नसतो. पटलं. त्यांच्यावर माझा अजिबात राग नाही. या सगळ्या भानगडीत सरळ उत्तर देणारी ती एकच बाई भेटली.

मुंबई-पुण्याकडून फ्रोझन मागवायचे म्हटलं तर कुरिअरवाले पार्सलात काय आहे विचारतात. "फ्रोझन फूड" म्हटलं की "व्हेज के नॉनव्हेज?" नॉनव्हेज म्हटलं की "शुं छे?" सांगितलं की संपलं. एकदा घेतलं एकाने. मे महिन्यात. बडोद्याचा मे, पारा चाळिशीच्या वर, खोका दिवसभर कुठल्याशा गोदामात पडलेला. दाराशी आलं ते पार्सल मी उघडलंच नाही, वासावरूनच कळलं. तक्रार केली तर म्हणे, नाशवंत मालाची जबाबदारी आमची नाही. पैसे घेताना होती वाटतं!

"मग घरीच पैदास करा की." हे सांगणारे लोक उंदराच्या पिंजऱ्याशेजारी कधी झोपले नसावेत. गर्भ तीन आठवड्यांचा, पिल्लं तीन आठवड्यांत सुटी, आणि मादी बाळंत झाल्यावर दिवसभरात पुन्हा गाभण राहू शकते. हिशोब कागदावर झकास दिसतो. नराच्या मुताचा वास कागदाला येत नाही. तरी आम्ही केलं सुरू, बाल्कनीत. आठवडाभरात मुलीने सगळ्यांची नावं ठेवली. ठकी, मोदक, पिंट्या, छोटी ठकी. आता सांगा, मोदकला हेअर ड्रायर लावू? ते उंदीर अजून आमच्याकडे आहेत, खाऊन-पिऊन म्हातारे होताहेत, आणि श्रीमंतांच्या जेवणात त्यांचा उपयोग शून्य.

आणखी एक जमात आहे, "गावभर उंदीर आहेत, खंडेराव मार्केटात जा, एक पकड" म्हणणारी. त्या उंदराने ब्रोमाडायोलोन खाल्लंय की झिंक फॉस्फाइड, हे कोण सांगणार? विष खाल्लेला उंदीर सापाच्या पोटात गेला की सापाचंही आटोपलं. शिवाय जंत, लेप्टोस्पायरोसिस हे वेगळंच. आणि जिवंत सोडला तर भुकेला उंदीर सापालाच कुरतडतो, पाठीचा कणा उघडा पडेपर्यंत. कार्बन डायऑक्साइडने झोपवून गोठवलेला उंदीर हाच दोघांसाठी त्यातल्या त्यात दयाळू मार्ग. नेमका तोच मिळत नाही.

आणि हे सगळं करताना मी "जीवहत्या करनारी मराठी बेन". सोसायटीच्या ग्रुपवर माझ्यासाठी हात जोडलेल्या इमोजींची माळ लागते. याच सोसायटीच्या मीटर रूममध्ये, खालच्या किराणा दुकानात, सेक्रेटरींच्या स्वतःच्या माळ्यावर गोंदाचे पुठ्ठे लावलेले आहेत. त्यावर चिकटलेला उंदीर रात्रभर ओरडतो, स्वतःचा पाय चावून तोडायला बघतो, सकाळी पुठ्ठ्यासकट कचऱ्यात जातो. जिवंतच. त्यावर कुणाच्या धर्माला धक्का लागत नाही. तो उंदीर कुणाच्या पोटात गेला नाही ना, मग पाप नाही!

घरातही सुख नाही. सासूबाईंचं म्हणणं, गणपतीच्या दिवसांत त्याचं वाहन आपल्या फ्रीजरमध्ये असता कामा नये. श्रीखंडाच्या डब्याशेजारी तर कधीच नाही. ठीक, बाल्कनीत वेगळा छोटा फ्रीजर आणला. गणपतीत श्रीमंतांचाही उपास. यात मात्र सासूबाईच बरोबर आहेत, त्याला काही फरक पडत नाही, डॉक्टरही तेच म्हणाले. फरक मला पडतो, कारण विसर्जनानंतर महाराजांना आठवतं की आपल्याला भूकच नाही.

तो वेगळा फ्रीजर ऑगस्ट २०२४ च्या पुरात गेला. विश्वामित्री नदी घरात शिरली नाही एवढंच, पण वीज गेली ती गेलीच. एवढ्या खटपटीने जमवलेले उंदीर सगळे वितळले. वितळलेला पुन्हा गोठवता येत नाही, फेकावे लागले, आणि कचरागाडीही येत नव्हती. त्याच दिवसांत मगरी रस्त्यावर आल्या होत्या. विश्वामित्रीतल्या, खऱ्याखुऱ्या, जबड्यासकट. कुणाच्या घराच्या छपरावर, कुणाच्या अंगणात. आणि आमच्या ग्रुपवर त्या रात्री चर्चा कशाची? "त्या ताईंचा साप नीट बंद आहे ना?" कुलूपबंद टाकीत, घाबरला की स्वतःचा चेंडू करून डोकं आत लपवणारा, बिनविषारी प्राणी. खाली पाण्यात मगर फिरतेय, तिला बघायला सगळे गॅलरीत मोबाइल घेऊन, आणि काळजी श्रीमंतांची.

नोंदणीची मुदतही नेमकी तेव्हाच, २८ ऑगस्ट. कायदा थोडक्यात सांगते, कारण निम्म्या लोकांना वाटतं मी चोरटा धंदा करते. वन्यजीव कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारातल्या जाती चौथ्या अनुसूचीत आल्या, सगळे पायथन त्यात येतात. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी सहा महिन्यांत सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायला सांगितली. आम्ही ती पूर येण्याआधीच केली होती, नशीब. आता तो कुणाला दिला तर कळवायचं, मेला तर कळवायचं. चांगलंच आहे, माझी तक्रार नाही. आपला भारतीय अजगर पाळणं गुन्हाच आहे आणि तो असायलाच हवा. सोसायटीतल्या कुणीतरी श्रीमंतांना तोच समजून वनखात्याला फोन केला होता. ते लोक आले, कागद बघितले, साप बघितला, चहा घेतला आणि गेले. त्यांना मी विचारलं, हा जिवंत राहावा म्हणून याचं खाणं कुठून रीतसर आणायचं? त्यातला मोठा साहेब हसला नुसता.

आणि आता ग्रुपवर नवीन टूम, "विदेशी प्राण्यांवर पूर्ण बंदी घाला." फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स या दलदलीतल्या बर्मीज पायथनचे व्हिडिओ रोज येतात. तिथे त्यांनी उच्छाद मांडलाय हे खरं आहे, अमेरिकेने २०१२ मध्ये त्यांची आयात बंद केली तेही योग्यच. हवाईत तर कुठलाच साप पाळता येत नाही, बेटांवरच्या पक्ष्यांसाठी ते बरोबरच आहे. बँकॉकच्या विमानाने बॅगेत मोज्यांमध्ये कोंबून पिल्लं आणणारे मुंबई-चेन्नईला पकडले जातात, त्यांना तर सोडूच नये. पण नॉर्वेने सत्तरच्या दशकापासून सगळे सरपटणारे बंद ठेवले होते, लोक लपवून पाळत राहिले, आणि २०१७ मध्ये सरकारने १९ जाती मोकळ्या केल्या. त्यात हाच बॉल पायथन आहे. बंदी घातली म्हणजे श्रीमंतांचं काय करायचं, हे तर कुणी सांगत नाही. विश्वामित्रीत सोडू? मग होईल ना तुमचं एव्हरग्लेड्स! ज्यांनी लाल कानांची कासवं हौसेने आणून मोठी झाल्यावर तळ्यांत सोडली, त्यातले दोघे याच ग्रुपवर बंदीच्या बाजूने सर्वांत जोरात आहेत.

नवरा म्हणतो चिडू नकोस. त्याचं काय जातं, उंदीर गरम करायला तो नसतो, त्याला वास सहन होत नाही.

काल भाऊजींचा मेसेज आला. कॅल्गरीतल्या दुकानाचा फोटो. फ्रीजरच्या कपाटात रांगेने गोठवलेल्या उंदरांची पाकिटं, वयाप्रमाणे पिंकी, फझी, हॉपर, मोठा, प्रत्येकावर माप आणि संख्या छापलेली, बाजूला सवलतीचा फलक. खाली लिहिलंय, "वहिनी, बघा इथे किती सोपं आहे!" आठवडाभरासाठी मी त्यांना ब्लॉक केलंय.