मालवणला जा, पण समुद्राच्या नादी लागू नका

मालवणला ग्रुपने जायचं ठरवलंत, फार बरं केलंत. एकटादुकटा गेलेला माणूस दोन दिवस चिवला बीचच्या वाळूत बसून राहतो आणि परत आल्यावर सोसायटीत कुणी 'काय काय पाहिलं?' विचारलं की त्याची पंचाईत होते. सहल कंपनीबरोबर हा धोका नाही. तीन रात्री, चार दिवस, चौदा पॉइंट आणि एक टोपी. टोपी सगळ्यांना सारख्याच रंगाची मिळते, त्यामुळे किनाऱ्यावर समुद्र हरवला तरी ग्रुप हरवत नाही.

पत्रकातल्या चार दिवसांपैकी पहिला आणि शेवटचा हे मुंबई–गोवा महामार्गाचे असतात, ते मालवणचे म्हणून मोजायचे. ठाण्याहून अंतर सुमारे ५०० किलोमीटर. कंपनी 'बारा तासांत पोचतो' म्हणते ते खरंच आहे, फक्त ते बारा तास पनवेलनंतर सुरू होतात. त्याआधी बोरिवली, माजिवडा, तीन हात नाका, ऐरोली, वाशी, नेरूळ, खारघर असे पिकअप असतात आणि प्रत्येक ठिकाणी एक कुटुंब 'पाच मिनिटांत पोचतोय' असं फोनवर सांगत अजून घरीच कुलूप शोधत असतं. ते कुटुंब तुमचं असेल तर उत्तम. उशिरा येणाऱ्याकडे निदान सगळी बस वळून पाहते. निघायचं ते शनिवारीच. माणगावात अडकून पडायला शनिवारची सकाळ उत्तम.

'रेल्वेने का नाही?' असं विचारून सहल व्यवस्थापकाला अडचणीत आणू नका. कोकणकन्या किंवा तुतारीला ठाण्यात रात्री चढलं की सकाळी कुडाळ, आणि तिथून मालवण तीसेक किलोमीटर, हे त्यालाही ठाऊक आहे. पण आरक्षण उघडतं ६० दिवस आधी, एका तिकिटावर नावं बसतात सहाच, आणि तुमच्यातले निम्मे लोक पैसे भरतात आदल्या आठवड्यात. शिवाय तिकडे फिरवायला बस लागतेच. ती ठाण्याहून रिकामी कशी न्यायची?

सहलीची तारीख शाळेच्या सुट्ट्या पाहून ठरते, तिथी पाहून नाही. ते तसंच राहू द्या. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास, पुनवेला सव्वाअकराच्या. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. थोडं इकडेतिकडे होतं, पण दिवस आखायला एवढं पुरतं. आता देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथलं त्सुनामी आयलंड घ्या. ते बेट म्हणजे वाळूचा दांडा, भरतीला तो पाण्याखाली जातो. अष्टमीच्या आसपास गेलात तर दुपारी बाराला ओहोटी असते आणि दांडा मोकळा मिळतो. कार्यक्रमपत्रिकेत मात्र 'सकाळी ११ : त्सुनामी आयलंड' बाराही महिने छापलेलं असतं. पुनवेला गेलात तर गुडघाभर पाण्यात उभं राहून 'बेट कुठाय?' असं विचारा. होडीवाला तुमच्या पायांकडे बोट दाखवेल. तेवढ्यात फोटो काढून घ्या, पॉइंट झाला.

सिंधुदुर्ग किल्ल्याला होडीवाला साधारण तासभर देतो. त्यातली दहा मिनिटं टोप्या मोजण्यात जातात. ४८ एकरांचा किल्ला आणि सुमारे तीन किलोमीटरचा तट पन्नास मिनिटांत पाहायची युक्ती सोपी आहे: तटावर चढायचंच नाही. गोमुखी बांधणीचा महादरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, शत्रूला तो सापडू नये म्हणूनच तसा बांधला. तुम्हाला तो आईसफ्रूटवाल्यामुळे लगेच सापडेल. पुढे शिवराजेश्वराचं मंदिर. राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेलं. चपला काढणं, रांग, चपला शोधणं, वीस मिनिटं. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींना चहूकडे खारं पाणी असताना गोडं पाणी कसं, हा प्रश्न गाइडला विचारू नका. तो उत्तर देत बसेल आणि होडी चुकेल. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात हा आहे. स्टेटसला एवढं पुरे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी किल्ल्याच्या कामाची पूजा ज्या मोरयाच्या धोंड्यापाशी झाली, तो मालवणच्या किनाऱ्यावरच आहे, पण पत्रकात बहुधा नसतो. पत्रकात नाही ते पाहण्याचे पैसे तुम्ही भरलेले नाहीत.

स्कूबाचं मात्र मनावर घ्या. इथे तयारी लागते. आदल्या रात्री कोंबडीवडे दोनदा वाढून घ्या आणि सकाळी निघताना घावणे, आंबोळ्या, वर चहा. होडी नांगरावर डुलायला लागली की हा सगळा जिन्नस आपोआप वर येतो आणि मासे गोळा होतात, वेगळं खाद्य टाकावं लागत नाही. सर्दी असेल तर ती लपवा. खाली जाताना दर थोड्या अंतराला नाक दाबून हवा कानात ढकलायची असते, म्हणजे पडद्यावरचा दाब सुटतो. सर्दीत ती वाट बंद असते आणि दोन मीटरवरच कान ठणकायला लागतो. दमा, रक्तदाब, नुकतंच झालेलं ऑपरेशन यांचा फॉर्म असतो. तो सगळ्या ग्रुपचा मिळून एकाने भरावा, सगळीकडे 'नाही' लिहिलं की वेळ वाचतो. मिशी असेल तर मुखवट्याच्या कडेतून पाणी शिरतं. मिशीला व्हॅसलिन लावलं की बऱ्यापैकी थांबतं, पण ठाण्याहून निघताना ही गोष्ट कुणी सांगत नाही, तेव्हा तुम्हीही सांगू नका. चष्मा मुखवट्यात बसत नाही. तो वर ठेवून जायचं आणि प्रवाळ आठवणीने पाहायचं.

आणि खुणा. पाण्याखाली अंगठा वर केला की त्याचा अर्थ 'मला वर न्या'. 'ठीक आहे' म्हणायला अंगठा आणि तर्जनीचं कडं करायचं असतं. प्रशिक्षक हे किनाऱ्यावर दोनदा सांगतो, पण तेव्हा तुम्ही ड्रेसचं माप बदलून मागत असता. मग खाली कॅमेरा समोर आला की मोठ्या झोकात अंगठा दाखवा. प्रशिक्षक तत्काळ तुम्हाला वर आणेल. पैसे परत मिळत नाहीत, व्हिडिओ मिळतो. त्यात पाणी गढूळ दिसलं तर तक्रार कंपनीकडे करावी. पाणी नितळ असायचे महिने साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि तुम्ही गेलात मे महिन्यात, हा काही तुमचा दोष नाही.

जेवणाबद्दल एकच धोरण ठेवा: सुरमई नाहीतर पापलेट. बंदरावर संध्याकाळी लिलावात ताजे बांगडे, पेडवे, तारल्या येतात, स्थानिक लोक तेच घेऊन जातात, याकडे लक्ष देऊ नका. त्यांना मासळीतलं काय कळतं? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताटात आलेली सुरमई 'आजचीच आहे ना?' असं जरूर विचारा. वाढपी 'आजच काढली' म्हणेल, आणि बर्फातून खरंच आजच काढलेली असते. ग्रुपमध्ये गुरुवारवाले, संकष्टीवाले आणि 'तळलेलं चालतं, रस्सा नको'वाले असतातच. त्यांच्यासाठी काळ्या वाटाण्याचं सांबारं सांगितलं तर मालवणात ते फक्कड होतं. पण त्यांनी पनीरचाच आग्रह धरावा. पनीर कुडाळहून येईपर्यंत बाकीच्यांची सोलकढी आटोपते आणि सूर्यास्ताचा पॉइंट वाचतो. वाचतो म्हणजे करावा लागत नाही.

खरेदी बस थांबेल त्याच दुकानात. ड्रायव्हर तिथे थांबतो त्याअर्थी माल चांगलाच असणार. आगळ (म्हणजे कोकमाचा रस) आणि अमृत कोकम या बाटल्या शेजारी शेजारी असतात. आगळात मीठ असतं, अमृत कोकमात साखर. घरी सोलकढीच करायची असेल तर बिनदिक्कत अमृत कोकम घ्या, रंग तोच येतो. चव बिघडली की नारळाला नाव ठेवता येतं. खाजा घेतलात तर तो माणगावच्या कोंडीतच संपतो, तेव्हा नोकरीतल्या लोकांसाठी वेगळी पिशवी बांधा आणि ती बसच्या रॅकवर विसरा.

अभिप्रायाचा कागद पनवेल यायच्या आत भरून घेतात, कारण एकदा पिकअपच्या उलट्या क्रमाने लोक उतरायला लागले की कुणाला पेन धरायचा दम नसतो. निवास चांगला, जेवण चांगलं, व्यवस्थापक हसतमुख, सगळ्यांना पाचपैकी पाच द्या. 'सूचना' या रकान्यात मात्र हात आखडू नका. चौदापैकी एक पॉइंट राहिला, हे लिहा. किनाऱ्यावर नुसतं बसवून ठेवून अर्धा तास वाया घालवला, हेही लिहा. आणि पुढच्या वेळी याच चार दिवसांत गोवाही बसवा, जेमतेम तीन-साडेतीन तासांचा तर रस्ता आहे.