कार्ड वाचू नका, अर्थ लावा

ज्या कार्ड गेममध्ये प्रत्येक कार्डावर ते काय करतं हे छापलेलं असतं, त्यात नवशिक्यांची एक वाईट खोड असते. ते कार्ड वाचतात. तेही पूर्ण, शेवटच्या ओळीपर्यंत. कार्ड वाचलं की त्यात काय लिहिलंय ते कळतं, आणि ते एकदा कळलं की माणूस वादाला निकामी होतो. म्हणून तुम्ही पहिली ओळ वाचा, ती आवडली तर थांबा. पुढे ‘फक्त तुमच्या टर्नमध्ये’ किंवा ‘टर्नमध्ये एकदाच’ अशी काही कुरकुर असेल, तर तिच्यावर अंगठा ठेवून कार्ड समोरच्याला दाखवा. नियमावर बोट ठेवणं म्हणतात ते हेच.

आपल्या पंथाला परंपरा आहे. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा असाच एक कार्ड गेम. ते 1993 साली बाजारात आलं, पण त्याआधीच्या चाचणीच्या खेळांत एक कार्ड होतं. त्यावरच्या मजकुराचा हेतू एवढाच होता की समोरच्याची पुढची पाळी हुकावी. एका खेळाडूने तो असा वाचला, की समोरचा पुढच्या पाळीला हरतो. संपला खेळ! छापताना निर्मात्यांनी शब्द बदलले आणि ‘या टर्ननंतर आणखी एक टर्न घ्या’ असं सरळ लिहून टाकलं. तेच पुढचं ‘टाइम वॉक’. एका चांगल्या वादाचा असा गळा घोटला गेला.

सुदैवाने सगळीच कार्डं इतकी सरळ नव्हती. त्याच पहिल्या संचातलं ‘केऑस ऑर्ब’ निदान एक फूट उंचीवरून टेबलावर टाकायचं आणि ते ज्या कार्डांना शिवेल ती नष्ट. एका खेळाडूने म्हणे ते फाडून त्याचे तुकडे सगळ्या टेबलावर उधळले. ही दंतकथा असेल, पण 1998 च्या ‘अनग्लूड’ या विनोदी संचात कंपनीने ‘केऑस कॉन्फेटी’ नावाचं कार्ड काढलं आणि ते फाडूनच फेकायचं असं त्यावर छापलं. वाद पुरेसा ताणला की कधीतरी तो छापूनही येतो.

आता मुख्य सूत्र. मजकूर तुमच्या बाजूने असेल तेव्हा तुम्ही शब्दप्रामाण्यवादी: ‘लिहिलंय ते लिहिलंय, मी काय करू?’ मजकूर विरुद्ध गेला की तुम्ही भावार्थाचे उपासक: ‘अरे, पण डिझायनरला काय म्हणायचंय ते बघ ना.’ डिझायनरला काय म्हणायचं होतं हे तुम्हाला नक्की ठाऊक असतं, कारण तो नेमका तुमच्याच डेकचा विचार करत होता. एकाच टर्नमध्ये दोन्ही भूमिका घ्याव्या लागल्या तर मध्ये पाणी प्या, बदल कमी जाणवतो.

मॅजिकच्या नियमपुस्तकाची अडीचशेहून जास्त पानं आहेत, आणि सुरुवातीलाच त्यात दोन रत्नं आहेत. कार्ड आणि नियम यांचा विरोध आला तर कार्ड खरं. एक परिणाम ‘करता येतं’ म्हणाला आणि दुसरा ‘करता येत नाही’ म्हणाला, तर ‘नाही’ खरं. यातलं दुसरं फक्त समोरच्याला लागू होतं, पहिलं फक्त तुम्हाला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हा आपला उपनियम.

‘यू-गी-ओह!’ हा दुसरा कार्ड गेम खेळत असाल तर तुमची चैन आहे. तिथे 2011 पासून विरामचिन्हांतच कायदा आहे. अपूर्णविरामाच्या आधी असतं कार्ड केव्हा वापरता येईल ते, अर्धविरामाच्या आधी असतं वापरतानाच काय मोजायचं किंवा कुणाला टार्गेट करायचं ते, आणि परिणाम त्याच्या पुढे. त्यातच ‘जेव्हा अमुक होईल तेव्हा तुम्ही करू शकता’ आणि ‘अमुक झालं तर तुम्ही करू शकता’ यांत जमीन-अस्मानाचा फरक. पहिल्या प्रकारात ते ‘अमुक’ सर्वांत शेवटी घडलेलं नसेल, त्यामागोमाग आणखी काही घडलं असेल, तर संधी हुकते. दुसऱ्यात हुकत नाही. समोरच्याची संधी हुकली की हा फरक सावकाश, शिक्षकी थाटात समजावून सांगा. तुमची हुकली तर म्हणा, ‘एका शब्दावरून इतका कीस कशाला? आपण मजेसाठी खेळतोय.’

जुनी कार्डं जवळ बाळगा. मॅजिकमध्ये छापील मजकुरापेक्षा ‘ओरॅकल’ नावाचा अद्ययावत मजकूर अधिकृत मानतात, पण हे सगळ्यांना माहीत असतंच असं नाही, आणि हातातल्या छापील कागदाचं एक वजन असतं. 2009 साली डॅमेज स्टॅकवर ठेवणं (म्हणजे लढाईतली इजा लगेच न लागता परिणामांच्या रांगेत थांबणं) बंद झालं, न वापरलेल्या ‘माना’चा, म्हणजे कार्डं खेळायला लागणाऱ्या जादूच्या ऊर्जेचा, चटका बसणंही बंद झालं. तुम्ही मात्र यातलं सोयीचं तेवढं चालू ठेवा. कुणी हटकलंच तर ‘तू तेव्हा खेळत नव्हतास’ एवढं पुरे.

स्पर्धेत शेवटी कुणीतरी जज, म्हणजे नियमांचा पंच, बोलावतोच. (स्वतः बोलावू नका, जजला बहुधा उत्तर माहीत असतं.) त्याला झालेली हकीकत सांगू नका, काल्पनिक प्रश्न विचारा, त्यातून तुमची चूक आधीच वगळलेली असू द्या. निर्णय विरुद्ध गेला तर हेड जजकडे अपील करा. तिथेही गेला तर नाइलाज आहे, कारण तो निर्णय अंतिम असतो.

जज नसलेल्या घरगुती डावात मात्र एक ब्रह्मास्त्र उरतं. 2019 साली तीन संशोधकांनी दाखवलं की मॅजिक ट्युरिंग-कम्प्लीट आहे, संगणकाला जमणारं कुठलंही गणित त्याच्या कार्डांत मांडता येतं. म्हणजे इथे असे डाव मांडता येतात, ज्यांत पुढच्या सगळ्या चाली सक्तीच्या असूनही अखेर कोण जिंकणार हे कोणत्याही अल्गोरिदमला सांगता येत नाही. समोरच्याचे क्रीचर, म्हणजे लढणारे प्राणी, टेबलभर पसरलेत, तुमच्या आयुष्याचे गुण एकावर आलेत आणि हातात एकही कार्ड नाही, अशा वेळी हा शोधनिबंध काढा. निकाल तत्त्वतः अनिर्णेय आहे असं जाहीर करा, डाव बरोबरीत सोडवल्याबद्दल त्याचे आभार माना, आणि तो ‘अरे पण’ म्हणायच्या आत दोघांचीही कार्डं गोळा करायला घ्या.