ओळखीतला व्यवहार आणि जुना बँजो

जुने वाद्य एका हौशी माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना "आपल्यातलेच आहेत, त्यांना वेगळे काय सांगायचे" असे म्हणून बरेच काही सांगायचे राहून जाते, आणि या वर्तुळातली बहुतेक कटुता तिथूनच सुरू होते असे माझे स्पष्ट मत आहे. मी अमेरिकेत उत्तर कॅरोलायना राज्यात राहतो, पाच तारांचा बँजो हौसेने वाजवतो आणि माझ्याकडचा 1920 च्या दशकातला, बोस्टनच्या व्हेगा कंपनीचा ट्यूबाफोन नावाचा बँजो सध्या एका परिचित वादकाला विकतो आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. (आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो तो कळा दाबून वाजवायचा बेंजो वेगळा. हा बँजो म्हणजे गोल लाकडी कड्यावर चामडे ताणलेले, लांब दांडीचे वाद्य. त्याचे मूळ आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या भोपळ्याच्या वाद्यांत आहे.)

अशा बँजोच्या किमतीतला सर्वांत मोठा फरक त्याच्या दांडीत असतो. 1920 च्या दशकात नाचाच्या बँडना चार तारांचा टेनर बँजो हवा होता, त्यामुळे कारखान्यांतून प्रामुख्याने तोच बाहेर पडला. पुढे त्याची जागा गिटारने घेतली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ब्लूग्रास हा अमेरिकी लोकसंगीताचा प्रकार लोकप्रिय झाला तेव्हा वादकांना पाच तारांचा बँजो हवासा झाला. मग जुन्या टेनरचे कडे आणि त्यावरची आवाज खुलवणारी धातूची रिंग (टोन रिंग) ठेवून पाच तारांची नवी दांडी बसवण्याची पद्धत रूढ झाली. असा बँजो वाजायला उत्तम असू शकतो, पण मूळच्या पाचतारीची किंमत त्याला येत नाही, आणि ते रास्तच आहे. माझा ट्यूबाफोन अशाच, दांडी बदललेल्या जातीचा आहे. व्हेगाच्या बँजोत दांडीचा लाकडी दांडा कड्याच्या आतून आरपार जातो आणि अनुक्रमांक कड्याच्या आतल्या बाजूला व या दांड्यावर, असा दोन्हीकडे ठोकलेला असतो. माझ्या बँजोत मागून टॉर्च मारली की कड्यावरचा आकडा स्वच्छ दिसतो आणि दांड्यावर नुसते लाकूड दिसते. तेवढ्यावरून दांडी मूळची नाही हे जाणकाराला कळते.

आता प्रश्न असा की घेणाऱ्याने टॉर्च मारलीच नाही तर काय? "त्यांनी विचारले असते तर मी सांगितले असते" हा बचाव मी या मंडळींत अनेकदा ऐकला आहे आणि तो मला अजिबात पटत नाही. ज्याला विचारायचे कळते त्याला सांगण्याची फारशी गरजच नसते; ज्याला कळत नाही तो आपल्या ओळखीवर विसंबून पैसे मोजतो आणि एक अक्षरही खोटे न बोलता फसवला जातो. म्हणून खरेदीदारांनी विचारण्याची वाट न पाहता मी त्यांना लिहून दिले की दांडी नंतरची आहे, खुंट्या बदललेल्या आहेत, चामड्याच्या जागी मायलर (प्लास्टिकचा पातळ पडदा) आहे आणि दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांपैकी, म्हणजे पडद्यांपैकी, खालचे तीन झिजलेले आहेत. त्यांनी उत्तरात थोडे हसून "एवढे कशाला" असे लिहिले, पण पुढच्याच ओळीत पडद्यांबद्दल दोन प्रश्न विचारले.

वाद्यात बदल झालेले असणे यात कमीपणा काहीच नाही. ब्लूग्रासचे नामवंत बँजोवादक अर्ल स्क्रग्ज यांचा गिब्सन कंपनीचा ग्रनाडा हा बहुधा जगातला सर्वांत प्रसिद्ध बँजो. तो आधी बँजोवादक स्नफी जेन्किन्स यांच्याकडे होता, त्यांच्याकडून दुसरे वादक डॉन रेनो यांच्याकडे गेला आणि 1940 च्या दशकाच्या अखेरीस रेनो व स्क्रग्ज यांनी आपापले बँजो अदलाबदल केले. स्क्रग्ज यांच्या हाती आला तेव्हा ग्रनाडाची अवस्था वाईट होती. त्यांनी तो गिब्सनकडून दुरुस्त करून घेतला आणि 2012 साली त्यांचे निधन होईपर्यंत तो त्यांच्याकडेच राहिला. तिघेही अव्वल बँजोवादक असल्यामुळे आपण काय देतो आणि काय घेतो हे त्यांना हातात धरताच कळत असणार. आपण त्या तोलामोलाचे नाही, म्हणून आपल्याला कागद लागतो.

किमतीबद्दलही थोडे सांगतो, कारण तिथे माझे मत अनेकांना रुचत नाही. ओळखीच्या वादकाला दुकानापेक्षा कमी भावात द्यायला माझी ना नाही, पण सवलत दिली आहे हे मोकळेपणाने बोलून दाखवावे आणि पुढे कधी विकायचा झाला तर आधी मला विचारावे, ही अट त्याच वेळी घालावी. सवलतीत घेतलेला बँजो दोन महिन्यांत चढ्या भावाने विकला गेला की मूळ मालक चिडतो. मात्र तेव्हा काहीच बोलणे झालेले नसेल तर दोष केवळ घेणाऱ्याला देता येत नाही. मालकी गेली की हक्क गेला. मनातल्या अपेक्षेला कोणी बांधील नसतो.

राहिला पाठवणीचा भाग. वाद्य हाती पडल्यापासून 48 तास वाजवून पाहण्याची मुभा आणि परत केल्यास पाठवणीचा खर्च घेणाऱ्याचा, ही इकडची रूढ पद्धत मला योग्य वाटते, कारण छायाचित्रांतून आवाज कळत नाही. तारा पूर्ण उतरवू नयेत, थोड्या सैल कराव्यात. तारा ज्यावर टेकतात ती घोडी चिकटवलेली नसते, ती काढून वेगळ्या पाकिटात ठेवावी आणि तारा जिथे अडकवतात त्या टेलपीसखाली मऊ कापडाची घडी सरकवावी, म्हणजे प्रवासात त्याचा दाब मायलरवर येत नाही. पेटीत दांडीचे टोक मोकळे हलत राहिले तर धक्का थेट खुंट्यांच्या बाजूला बसतो, म्हणून तिथे दोन्ही अंगांनी भरपूर कागद कोंबावा. माझी पेटी येत्या शनिवारी निघेल आणि तीत घोडीच्या पाकिटाशेजारी बदललेल्या भागांची सहीनिशी यादी असेल.