अंजिराचं झाड, ऐंशी वर्षं आणि 2028

एकच मजकूर तीन वेगवेगळ्या प्रार्थना-गटांतून माझ्या फोनवर आला आहे. थोडक्यात असा: 14 मे 1948 ला इस्राएल राष्ट्र उभं राहिलं, म्हणजे मत्तय 24 च्या दाखल्यातल्या अंजिराच्या झाडाला पालवी फुटली. "ही पिढी नाहीशी होणार नाही" असं प्रभू म्हणाला. पिढी म्हणजे 80 वर्षं, पाहा स्तोत्र 90:10. म्हणून 1948 अधिक 80, 2028 ला ख्रिस्त येणार. शिवाय देवाचा एक दिवस हजार वर्षांचा; आदामापासून सहा हजार वर्षं भरत आली आणि सातवं सहस्रक म्हणजे ख्रिस्ताचं राज्य. चंद्र रक्तासारखा झालेलाच आहे. जो हे मानत नाही तो वचन नाकारतो. दहा जणांना पाठवा.

ख्रिस्त पुन्हा येणार आणि राज्य करणार, हे मी मानतो. जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला तो येईल, हे मंडळीत उभं राहून सगळ्यांबरोबर म्हणतो. माझी तक्रार त्याच्या येण्याबद्दल नाही, या बेरजेबद्दल आहे. आणि बेरीज करणाऱ्याला एक खोड आहे: तो प्रत्येक वचन एक ओळ आधीच सोडून देतो.

"अंजिराचं झाड म्हणजे इस्राएल."

मत्तय 24:32 आणि लूक 21:29 शेजारी शेजारी ठेवून वाचा. तोच दाखला, तोच प्रसंग. पण लूकमध्ये प्रभू म्हणतो की अंजिराचं झाड आणि इतर सगळी झाडं पाहा. अंजीर म्हणजे इस्राएल, तर बाकीची झाडं कोण? यावर उत्तर तयार असतं, की त्याच सुमारास स्वतंत्र झालेली इतर राष्ट्रं. पण दाखल्याचा अर्थ तिथेच, पुढच्याच वाक्यात दिलेला आहे: पानं फुटली की उन्हाळा जवळ आला हे तुम्हाला कळतं. त्या प्रदेशात जैतुनाचं झाड बारमाही हिरवं. अंजीर मात्र हिवाळ्यात बोडका होतो आणि उशिरा पालवतो. ऋतू ओळखायला ते झाड सोयीचं, एवढंच.

संदेष्ट्यांनी लोकांना अंजिराची उपमा दिलीच नाही असं नव्हे. यिर्मया 24 मध्ये अंजिरांच्या दोन टोपल्या आहेत, होशेय 9:10 मध्ये पहिल्या बहराचं अंजीर आहे. पण यशया 5 आणि स्तोत्र 80 मध्ये इस्राएल द्राक्षवेल आहे, रोमकरांस 11 मध्ये जैतून. आणि अंजीर म्हणजे इस्राएल हे समीकरण सगळीकडे लावायचंच ठरवलं, तर याच शुभवर्तमानात तीन अध्याय आधी प्रभू एका अंजिराच्या झाडाला म्हणतो की तुला यापुढे कधीही फळ न येवो. ते वचन मग 1948 ला कसं लावणार? मला त्यातून कोणत्याही लोकांविरुद्ध काही काढायचं नाही. पण फुटपट्टी एकच असावी.

"पिढी म्हणजे 80 वर्षं."

सगळा डोलारा या आकड्यावर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

पहिली गोष्ट, "ही पिढी" हे शब्द मत्तयात आधीही येतात: 11:16, 12:41, 23:36. प्रत्येक ठिकाणी अर्थ सरळ आहे, समोर उभे असलेले लोक. अध्याय 24 ची सुरुवातही मंदिराच्या दगडांनी होते. शिष्य इमारती दाखवतात, प्रभू म्हणतो की इथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही, आणि इ.स. 70 मध्ये तीताच्या रोमी सैन्याने यरुशलेम घेतलं तेव्हा मंदिर पडलं. ऐकणाऱ्यांपैकी कित्येक जण तेव्हा हयात असणार. अध्यायाचा पुढचा भाग, मनुष्याचा पुत्र मेघांवर येण्याचा, याच घटनेत बसवायचा की पुढच्या काळासाठी ठेवायचा, यावर विद्वानांचं एकमत नाही. वचन अवघड आहे, हे मान्य. पण अवघड वचनाचं उत्तर कॅलेंडर असू शकत नाही.

दुसरी गोष्ट, स्तोत्र 90:10 मध्ये पिढीची व्याख्याच नाही. माणसाचं आयुष्य सत्तर वर्षं, फार तर ऐंशी, आणि तेही कष्टात जातं, असा तो उसासा आहे. स्तोत्राच्या मथळ्यावर नाव मोशेचं आहे आणि अनुवाद 34:7 प्रमाणे मोशे स्वतः 120 वर्षं जगला. दोनच ओळी पुढे, 90:12 मध्ये, प्रार्थना आहे की आमचे दिवस गणायला आम्हांला शिकव. आमचे दिवस. देवाचे नाहीत.

तिसरी गोष्ट इतिहासाची. या बेरजेत पूर्वी पिढी 40 वर्षांची होती, कारण रानात भटकलेल्या पिढीला तेवढी वर्षं लागली. 1948 अधिक 40 म्हणजे 1988. एडगर व्हिझनंट या माजी नासा अभियंत्याने त्यासाठी 88 कारणं देऊन सप्टेंबर 1988 मधला इब्री नववर्षाचा सण मुक्रर केला. सण आला आणि गेला. त्याने हिशोब एका वर्षाने सरकवून 1989 सांगितलं, तेही गेलं. मग कोणी मोजणीच 1967 पासून, इस्राएलने पूर्व यरुशलेम घेतलं तेव्हापासून, धरली, कोणी पिढी 70 ची केली, आता ती 80 ची आहे. उत्पत्ती 15 मध्ये चारशे वर्षं आणि चौथी पिढी यांचा एकत्र उल्लेख आहे, तेव्हा 2028 नंतर शंभरीही हाताशी आहेच.

"एक दिवस म्हणजे हजार वर्षं."

2 पेत्र 3:8. वाक्य दुहेरी आहे, एक दिवस हजार वर्षांसारखा आणि हजार वर्षं एका दिवसासारखी. गणित करायचं तर दोन्ही बाजूंनी करा, मग प्रकटीकरणातली हजार वर्षं एका दिवसात आटोपतील. पेत्राच्या मनात आहे ते स्तोत्र 90:4, पुन्हा तेच स्तोत्र. तिथे हजार वर्षं कालच्या दिवसासारखी आहेत आणि त्याच दमात रात्रीच्या एका प्रहरासारखीही. म्हणजे एकाच वचनात हजार वर्षं बरोबर चोवीस तास आणि तीन-चार तास? कवी रूपांतराचं कोष्टक देत नाही. पेत्राची पुढची ओळ, 3:9, तर उशीर का होतो याचं कारणच सांगते: कोणाचा नाश व्हावा अशी त्याची इच्छा नाही, म्हणून तो धीर धरतो. ही ओळ मजकुरात नाही.

आणि सहा हजार वर्षं कुठून मोजायची? सतराव्या शतकातले आर्चबिशप अशर यांच्या हिशोबाने निर्मिती इ.स.पू. 4004 मधली, म्हणजे सहा हजार 1997 मध्येच भरली. इब्री पंचांगाने 2028 च्या उन्हाळ्यात वर्ष 5788 चालू असेल, अजून दोनशेवर बाकी. तिसऱ्या शतकात हिप्पोलितस या ख्रिस्ती लेखकाने ख्रिस्तजन्म 5500 व्या वर्षी धरला, त्यामुळे शेवट इ.स. 500 च्या आसपास येत होता. रशियन मंडळी निर्मितीपासून वर्षं मोजणाऱ्या बायझंटाईन गणनेने चालायची. त्या गणनेत सातवं सहस्र 1492 मध्ये संपत होतं, म्हणून पुनरुत्थानाच्या सणाच्या तारखांचं कोष्टकही तिथेच संपवलेलं. जग राहिलं आणि नवं कोष्टक करावं लागलं.

"चंद्र रक्त झाला."

2014-15 मध्ये लागोपाठ चार खग्रास चंद्रग्रहणं वल्हांडण आणि मंडपाच्या यहुदी सणांना आली, त्याचा हा संदर्भ. हे दोन्ही सण पौर्णिमेला असतात आणि चंद्रग्रहण पौर्णिमेलाच लागतं. चंद्र रक्त होईल हे योएल संदेष्ट्याचं वचन पेत्राने पेन्टेकॉस्टच्या दिवशी उद्धृत केलं ते "हे तेच आहे" असं म्हणून, प्रेषितांची कृत्ये 2:16. पुढे जायला हरकत नसावी.

"जो हे मानत नाही तो वचन नाकारतो."

इथे मात्र राग येतो. प्रकटीकरण 20:2-7 मध्ये हजार वर्षं सहा वेळा येतात. त्याच उताऱ्यात किल्ली आहे, साखळी आहे, अजगर आहे. साखळी लोखंडी होती का, असं कोणी विचारत नाही. ती हजार वर्षं शब्दशः धरायची का, ख्रिस्त त्यांच्या आधी येणार की नंतर, की ती आताच चालू आहेत, यावर मंडळीत पहिल्यापासून मतभेद आहेत. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन स्वतः यरुशलेमातल्या हजार वर्षांच्या राज्यावर विश्वास ठेवणारा. तरी त्रिफो या यहुद्याशी झालेल्या संवादात तो कबूल करतो की शुद्ध विश्वासाचे अनेक ख्रिस्ती याबाबत वेगळं मानतात. पुढच्या काळातला मोठा मंडळीगुरू ऑगस्टिन आधी एका बाजूला होता, मग दुसऱ्या बाजूला गेला. 381 च्या मतांगीकारात, म्हणजे मंडळीच्या विश्वासाच्या कबुलीत, हजारचा आकडाच नाही, ख्रिस्ताच्या राज्याला अंत नाही एवढंच आहे.

भविष्य कसं वाचावं याचा नमुना प्रभूनेच नासरेथच्या सभास्थानात दाखवला, लूक 4. त्याने यशया 61 उघडलं, परमेश्वराच्या प्रसादाच्या वर्षाची घोषणा वाचली आणि वाक्याच्या मध्येच गुंडाळी बंद केली. पुढचे शब्द देवाच्या सूडाच्या दिवसाचे आहेत. "आज हा शास्त्रलेख पूर्ण झाला" असं तो म्हणाला, ते वाचलेल्या भागाबद्दल. यशयाकडे ते एकच वाक्य होतं. त्याच्या दोन भागांत किती शतकं दडली आहेत हे लिहिणाऱ्याला दिसत नव्हतं, आणि बोटांवर मोजून कळण्यासारखंही नव्हतं. पुनरुत्थानानंतर शिष्यांनी नेमका हाच प्रश्न केला, राज्य आताच परत देणार का? उत्तर मिळालं की काळ व समय पित्याने आपल्या अधिकारात ठेवले आहेत.

विल्यम मिलर या अमेरिकन शेतकऱ्याने दानीएल 8:14 चे 2300 दिवस म्हणजे वर्षं धरली आणि इ.स.पू. 457 पासून मोजली. माणूस प्रामाणिक होता. ख्रिस्ताच्या येण्यासाठी त्याच्या अनुयायांनी काढलेली 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख शेवटी त्यानेही मान्य केली. काहींनी पिकं शेतात तशीच सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते रडत बसले होते.

राहिलं "दहा जणांना पाठवा". थेस्सलनीका इथल्या मंडळीत प्रभूचा दिवस येऊन ठेपल्याचं पौलाच्या नावाने फिरू लागलं, तेव्हा त्याने लिहिलं की आमच्याकडून आलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या पत्रानेही गडबडून जाऊ नका. आणि त्याच पत्राच्या शेवटी स्वतःच्या हाताने सलाम लिहिला, माझ्या प्रत्येक पत्राची ही खूण आहे असं सांगून. तिन्ही गटांतला मजकूर मी तळापर्यंत सरकवून पाहिला. खाली नाव नव्हतं.