पुसून टाक म्हणणाऱ्यांना

चुलतबहिणीचं लग्न ठरलं आणि तिच्या फोनमधले पूर्वीच्या मित्राचे फोटो होणाऱ्या नवऱ्याच्या नजरेला पडले. मग काय, घरच्या ग्रुपवर सगळे तिच्यावर तुटून पडले. ‘सगळं पुसून टाक आणि कोऱ्या मनानं संसाराला लाग.’ काका-मावश्यांचं मी समजू शकते. पण हे वाक्य सर्वांत आधी लिहिलं ते तिच्याच वयाच्या मुलांनी, आणि माझा संताप झाला.

मी राहते त्या जर्मनीत असा वाद थेट सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेला होता. नातं संपल्यावर एका बाईनं त्या पुरुषाकडचे आपले सगळे फोटो नष्ट करायची मागणी केली. तिचे अगदी खासगी क्षणांचे फोटो त्यानं पुसावेत, हे २०१५ मध्ये पक्कं झालं, आणि ते योग्यच होतं. रोजच्या, साध्या फोटोंबाबत मात्र तिची मागणी मान्य झाली नाही. माझ्या मते ते दिवस त्याच्याही आयुष्याचे होते. इतकी साधी गोष्ट आपल्याकडे कुणी बोलत का नाही? इथं माझ्या शेजारणीच्या खोलीत तिच्या पहिल्या जोडीदाराचा फोटो आहे आणि त्यावरची धूळ दुसरा जोडीदार पुसतो. इथली सगळीच घरं अशी नसतील, पण हे घर मी रोज पाहते.

शिवाय पुसून जातं का काही? डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानं १९८७ मध्ये प्रयोगात लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. ते अस्वल त्यांच्या मनात येतच राहिलं, आणि बंदी उठल्यावर तर जास्तच. प्रेम गमावलेल्या माणसाला हे प्रयोगाशिवायही ठाऊक असतं. मेलेल्या माणसासाठी चारचौघांत रडता येतं. जिवंत असून दुरावलेल्यासाठी तेही नाही.

माझ्याही पूर्वीच्या मित्राचा माझ्याकडे एकही फोटो नाही. तरी वाचताना त्याच्या कपाळावर पडणारी आठी दिसते, माझं वाक्य पुरं व्हायच्या आत सुटणारं त्याचं हसू ऐकू येतं. तो परत यावा असं वाटतं का? कधीकधी वाटतं. माझ्या नवऱ्याला त्याचं नाव माहीत आहे, आणि आमचा संसार त्यामुळे डळमळलेला नाही.

पण मी त्याला इतकी धरून का आहे, याचं कारण निव्वळ प्रेम नाही. इथं मला ओळखणारे सगळे जर्मन बोलणाऱ्या, शब्द जपून वापरणाऱ्या बाईला ओळखतात. मायदेशी आले की मी पाहुणी असते. मराठीत तावातावानं भांडणारी, मागचापुढचा विचार न करणारी विशीतली मुलगी आता त्याच्या आठवणींपुरतीच उरली आहे. त्या पुसल्या तर मी कुठली, हे सांगायला माझ्याजवळ पासपोर्टच राहील.

म्हणून बहिणीला माझं सांगणं: फोटो ठेवायचे की नाहीत, ते तुझं तू ठरव. होणाऱ्या नवऱ्याला मात्र लग्नाआधी विचार, त्याच्या मनात कोण आहे. त्यानं नाव घेतलं तर शांतपणे ऐकून घे, आणि त्यालाही काही पुसायला सांगू नकोस.